चिंगचेंगचं रिसॉर्ट आणि अण्णांचे दोन प्रश्न

रांजणगाव एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याला चीन तसा परका नाही. मोल्ड तिकडून येतात, मशिनवरच्या सूचना तिकडच्या अक्षरांत असतात, आणि अधूनमधून कुणाला तरी ट्रायलसाठी तिकडे जावं लागतं. 2019च्या ऑक्टोबरात ती पाळी माझ्यावर आली. चेंगदूमधलं काम शुक्रवारी उरकलं आणि मोल्डवाल्या मालकांनी शनिवार-रविवारची आमची सोय परस्पर चिंगचेंग डोंगरातल्या एका रिसॉर्टमध्ये करून टाकली. रिसॉर्टचं नाव सांगत नाही. एका रात्रीचं भाडं दुभाषी मुलीनं सांगितलं, तेव्हा मी त्याचा उसाच्या टनांत हिशेब केला आणि गप्प बसलो.

चेंगदूपासून हा डोंगर साठ-सत्तर किलोमीटरवर. दुसऱ्या शतकात झांग दाओलिंग इथं येऊन राहिला, तेव्हापासून ताओ पंथाचं हे मोठं ठाणं. वर झाडीत देवळं, खाली धुकं, आणि दगड म्हणून जे काही असेल त्यावर शेवाळ. इतका ओलावा आमच्या शिरूर तालुक्यानं कधी पाहिलेला नाही. आम्ही पर्जन्यछायेतले, पाऊस भीमाशंकरला पडतो आणि आमच्याकडे त्याची बातमी येते.

रिसॉर्टच्या दारातून आत शिरलो तर समोर आडवी भिंत. जुन्या चिनी घरांत दारासमोर अशी भिंत असते, कारण भुतंखेतं म्हणे सरळ रेषेतच चालतात, त्यांना वळता येत नाही. रस्त्यावरच्या माणसाला घरातलं दिसू नये, हे दुसरं कारण मला जास्त पटलं. आपल्याकडच्या काही वाड्यांतही देवडीतून वळल्याशिवाय चौक दिसत नाही. पुढं उंचच उंच उंबरा. दुभाषी मुलगी घाईनं म्हणाली, यावर पाय देऊ नका, ओलांडून या. मला हसू आलं. उंबऱ्यावर उभं राहिलो म्हणून आईचा मार खाल्लेला माणूस मी. मला हे चीननं शिकवायची गरज नव्हती. आमचे क्वालिटीचे साहेब मात्र उंबऱ्यावरच उभे राहून फोटो काढत होते.

आत चौक. चारी बाजूंनी खोल्या आणि मधे उघडं आभाळ. जुन्या पद्धतीत उत्तरेकडची, दक्षिणेला तोंड असलेली खोली घरातल्या थोरल्यांची, बाजूच्या खोल्या मुलांच्या. रिसॉर्टमध्ये ही थोरली खोली सगळ्यात महाग होती, एवढाच फरक. दक्षिण चीनमध्ये हा चौक लहान होत जातो, आणि छपरांचा उतार आतल्या बाजूला ठेवतात, म्हणजे चारही छपरांचं पाणी आपल्याच अंगणात पडतं. पाणी म्हणजे लक्ष्मी, ती शेजाऱ्याच्या दारात कशाला जाऊ द्यायची! मुलीकडून हे ऐकून मी त्या छपरांकडे नव्यानं पाहिलं. लांबवर पुढं आलेल्या वळचणी, वर वळलेली टोकं. पावसाचा मारा भिंतीपासून दूर टाकायला ती रचना. आमच्याकडे माळवद चालतं, कारण तेवढा पाऊसच नाही.

खांबांवर लाकडी कंसांची उतरंड होती, एकात एक अडकवलेली, जुन्या पद्धतीत खिळ्याशिवाय छपराचा भार पेलणारी. सवयीनं मी खांबावर बोटानं टकटक केली. आवाज लाकडाचा आला नाही. काँक्रीट होतं, वरून लाकडाचं आवरण. माझं तोंड पडलेलं पाहून मुलगी म्हणाली, हा भूकंपाचा भाग आहे, 2008 नंतर इथं कुणी धोका पत्करत नाही. त्या 12 मेच्या भूकंपात जवळच्या दुजियांगयान शहरातलं एर्वांग मंदिर बरंच कोसळलं होतं, ते पुन्हा उभारलं. किल्लारीला 1993 साली दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद माणसांवर आलं, ते आठवून मी खांबाची थट्टा करायचं सोडून दिलं. तरी छपराला न टेकणारे, नुसते शोभेचे कंस मला आवडले नाहीत. काम न करणारा भाग आम्ही मोल्डमध्येही ठेवत नाही.

जेवणात गिंकोच्या बिया घातलेलं चिकनचं सूप होतं, ते उत्तम. बाकी पदार्थांत सिचुआन मिरी. जीभ आधी मुंग्या आल्यासारखी होते आणि मग बधिर. कोकणातलं तिरफळ याच मिरीच्या भाऊबंदांतलं.

रात्री त्या मऊ गादीवर झोप येईना, गाव आठवत राहिलं. मी इनामगावचा. घोड नदीच्या काठावरच्या आमच्या पांढरीत डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 खोदकाम केलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं आमच्याकडे घरातल्यासारखी घेतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोरवयात तिथं पाट्या उचलायला जायचे. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली: कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या भिंती, चूल, धान्याच्या बळदाचे खड्डे. एक घर पाच खोल्यांचं होतं, शेजारीच धान्याचं कोठार, म्हणून ते गावप्रमुखाचं मानतात. नदीचं पुराचं पाणी वळवून शेतात न्यायला त्या लोकांनी चारी खणली होती, दगडाचा बांध घातला होता. पुढं, इसवीसनापूर्वी हजारच्या सुमाराला, दिवस फिरले. चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटलं, असं अभ्यासक सांगतात. घराचा आकार पाण्यावर ठरतो, हे आमच्या गावच्या मातीत थरांनी लिहिलेलं आहे.

म्हणून रविवारी साहेब स्पामध्ये गेले आणि मी मुलीला म्हटलं, मला दुजियांगयानचं पाणी दाखव.

इसवीसनापूर्वी 256च्या सुमाराला ली बिंग नावाच्या प्रांताधिकाऱ्यानं मिन नदीवर ही पाटपाण्याची योजना केली. मूळ रचनेत धरण नाही. नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा बांध आहे, तो प्रवाह दोन भागांत फोडतो. पाणी कमी असताना दहापैकी सुमारे सहा हिस्से आतल्या, शेतीच्या फाट्याला जातात. पुरात उलटं होतं, जास्तीचं पाणी बाहेरच्या फाट्यानं निघून जातं. पुढं एका ठेंगण्या सांडव्यावरून गाळवाळू बाहेर फेकली जाते. मग डोंगर फोडून केलेली अरुंद खिंड, तिच्यातून मावेल तेवढंच पाणी मैदानात. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. खडक आगीनं तापवून वर पाणी ओतून तडकवला, असं सांगतात. बांध घालायला बांबूच्या लांब टोपल्यांत गोटे भरून टाकायचे. आज ही योजना सहा लाखांहून जास्त हेक्टर भिजवते. डोंगरावरच्या सगळ्या चौकांपेक्षा हा दगडगोट्यांचा बांध मला श्रीमंत वाटला.

आपलं सिम रोमिंगवर असलं की तिकडंही व्हॉट्सअॅप चालतं. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. आदल्या संध्याकाळी त्यांना चौक, कंदील, न्हाणीघर सगळं दाखवलं होतं. ते नुसतं हं हं करत होते. आता मात्र चष्मा लावून बसले. घोड धरणाच्या आवर्तनाची वाट बघण्यात आणि पाटकऱ्याशी भांडण्यात ज्यांचा जन्म गेला, ते पाण्याकडं असंच बघतात.

"गाळ कोण काढतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, पूर्वी दर हिवाळ्यात एकेक फाटा बंद करून काढत. किती खोल खणायचं याची खूण म्हणून तळाशी लोखंडी दांडे पुरलेले असत; ते लागेपर्यंत खणायचं.

"बरं. आन् टेलला पाणी पोचतं का?"

हे मला ठाऊक नव्हतं. मी मुलीला विचारलं. तिची आजी चेंगदूच्या पलीकडं भात लावते म्हणे. लावणीला पाणी येतं, ती म्हणाली, पण वरच्या गावांनी जास्त घेतलं तर आजी सरळ त्यांच्या दारात जाऊन ओरडते.

मी ते अण्णांना सांगितलं. ते खुर्चीत पुढं सरकले.

"मग काल दोन तास हाटेल कशाला दाखवत बसला होतास? त्या म्हातारीचं गाव दाखव."