कमरेएवढं फाटक

आमच्या गावी, आंजीत, आमच्या घराला फाटक नव्हतं. पुढं ओसरी, मागं सांदवाडी, आणि सांदवाडीला पऱ्हाटीच्या काड्यांची ताटी. ती गुरांसाठी होती, माणसांना अडवायला नव्हे. वर्धा–आर्वी एसटीतून उतरलेला कोणीही ओसरीवर टेकायचा, पाणी प्यायचा आणि आपल्या वाटेनं जायचा.

1980च्या दशकात शिकायला नागपूरला आले आणि धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यामागच्या खोलीत राहू लागले. पुढं संसारही धंतोलीतच झाला. त्या बंगल्याचं फाटक लोखंडी सळयांचं, कमरेएवढं. वरच्या सळईचा हिरवा रंग हात लागून लागून उडालेला. कडी उचलली की खण्णकन वाजायची, आणि त्या आवाजावरून स्वयंपाकघरातल्या काकूंना कळायचं, दूधवाला आहे, पोस्टमन आहे की मी. “आली का गं आंजीवाली?” त्या आतूनच विचारायच्या.

1861 साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. पुढं कोर्टकचेऱ्या आणि कॉलेजांच्या आधारानं शहरात वकील, डॉक्टर, प्राध्यापक वाढले. धंतोली अशांचीच वस्ती. इथला रामकृष्ण मठ 1928 पासूनचा. 1956 मध्ये राजधानी गेली, पण बंगले, कडुनिंब आणि दुपारची शांतता मागं राहिली. ती शांतता निव्वळ श्रीमंतीची होती असं मला वाटत नाही. इकडच्या फाटकावरून तिकडच्या फाटकाशी बोलताना आवाज चढवावा लागत नसे. येणारा-जाणारा ओळखीचा असायचा, म्हणून कुणी दचकत नसे.

मग एकेक बंगला पडत गेला आणि दवाखाने उभे राहिले. ॲम्ब्युलन्स, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या. पार्किंगचं गाऱ्हाणं नागरिकांनी उच्च न्यायालयापर्यंत नेलं. ते रास्तच होतं. पण दवाखान्यांना नुसतं दूषण देणं मला जमत नाही. माझ्या आईवर इथल्याच एका दवाखान्यात उपचार झाले. आंजी, खरांगणा, आर्वीकडची माणसं आजही इथंच येतात. पेशंट आत, आणि नातेवाईक बाहेर, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन.

ती बसतात कुठं? उरल्यासुरल्या जुन्या बंगल्यांच्या बुटक्या कुंपणभिंतीवर. तिथं भाकरी सोडतात, गावाकडं फोन लावतात, “सलाईन लावलं, काळजी नोको करू” म्हणून सांगतात. नव्या इमारतींना मात्र दीड पुरुष उंच भिंती, पत्र्याची बंद फाटकं, वर काचा. तिथं टेकायला जागा नाही आणि आत कोण राहतं ते शेजाऱ्यालाही ठाऊक नाही. अशा भिंतीमागच्या गप्पपणाला मी शांतता म्हणणार नाही.

धंतोलीत जुना बंगला पाडून नवं बांधत असाल, तर एक विनंती आहे. माळे किती चढवायचे ते तुम्ही ठरवा. कुंपणाची भिंत तेवढी बसता येईल इतकीच ठेवा, आणि फाटकाजवळ पाण्याचा एक माठ.