उसना पाऊस

ब्रेक-अप झालं की पाऊस पडतो. गॅलरीत ती, हातात कॉफीचा मग, समोर भरून आलेलं आभाळ. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये वाचल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कथेत हा सीन असतोच. लिहिणारे सगळे पक्के नागपूरकर. दिवसा ऑफिस, रात्री लॅपटॉपवर कथा. पण पात्राला दुःख झालं रे झालं, की आभाळ थेट मुंबईहून मागवायचं!

पाऊस मलाही आवडतो. पण नायिका रडतेय म्हणून आभाळही रडायला लागलं, तर वाचणाऱ्याला वाटून घ्यायला उरतं काय?

गंमत म्हणजे याचं उत्तर आपल्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे, रामटेकला. ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवर शिक्षा भोगतोय, बायको दूर अलकानगरीत. आषाढ लागतो, डोंगराला टेकलेला ढग दिसतो आणि हा गडी त्याच्याकडेच निरोप देतो. (रामगिरी म्हणजे रामटेकच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही, पण आपण नागपूरकर मानतोच!) मला भारी वाटतं ते पुढचं. ढग म्हणजे नुसता धूर, उजेड, पाणी आणि वारा, तो कसला निरोप नेणार, हे कालिदास स्वतःच सांगून टाकतो. पण व्याकूळ माणसाला एवढं कुठे सुचतं? म्हणजे दुःख ढगात नाहीच, बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. ढगामुळे झालं एवढंच, की यक्ष बोलायला लागला.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ येतो, तोही मूड सेट करायला नाही. तो माणसांना वाडी सोडायला लावतो.

माझी आजी नवतपात गेली. बाहेर ४५ डिग्री. आत्या पुण्याहून रात्री पोचणार होती, म्हणून बर्फाच्या लाद्या आणल्या, कूलर आजीकडे वळवला. त्याच्या घरघरीत कुणाचं रडणं कुणाला धड ऐकू येत नव्हतं. बाबा दर थोड्या वेळानं उठायचे, बादली भरायचे आणि कूलरच्या टाकीत ओतायचे. दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. त्या दुपारी बाहेर पाऊस कोसळत असता, तर मी खिडकीकडे बघत बसले असते. बाबांकडे नाही.

म्हणून पुढच्या कथेत आभाळाचं वर्णन करण्याआधी एकच विचारा : या हवेत माझं पात्र नेमकं काय करतंय? झाडाची सावली सापडली म्हणून सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबवणारा तो. चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळलेला असल्यानं डोळे पुसता न येणारी ती. ही माणसं आपली आहेत, रोज दिसतात.

पाऊस जूनमध्ये येईलच. तोवर कथेला थोडं ऊन लागू द्या.