दोन आश्रम, एक बिऱ्हाड

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी म्हण आपल्या पूर्वजांनी करून ठेवली. लग्न करून भाड्याच्या घरात राहावे आणि दोघांपैकी एकाने पुन्हा कॉलेजात नाव घालावे, हा तिसरा अनुभव मात्र त्यांच्या हिशेबात नव्हता. आमच्या हुबळी-धारवाडात तो आता घरोघरी दिसतो. हे जोडशहर शिकणाऱ्यांचे. १९१७ साली कर्नाटक कॉलेज निघाले, १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले, १९८६ साली कृषी विद्यापीठ आले आणि २०१६ साली आयआयटीही आली. खेड्यापाड्यांतून, बेळगावकडून, खानापूरकडून मुले येतात, शिकतात, इथेच नोकरीला लागतात, लग्न करतात आणि एखादा किंवा एखादी पुन्हा शिकू लागते. मग प्रश्न येतो घरभाड्याचा. एक मिळवतो, दुसरा पूर्णवेळ शिकतो, तेव्हा घरभाडे भत्ता मागायचा कोणी, कोणाच्या नावाने, आणि काय काय सांगून?

प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. मला मात्र त्याच्या मुळाशी एक जुनी समजूत दिसते. आपल्या मनातला विद्यार्थी हा ब्रह्मचारी असतो. गुरुगृही राहणारा, माधुकरी मागणारा, वार लावून जेवणारा. समाजाने अशा विद्यार्थ्याची काळजी खरोखरच वाहिली. धारवाडच्या मुरुघामठाने गोरगरीब मुलांच्या राहण्याजेवणाची मोफत सोय केली, आणि त्या अन्नावर वाढलेली माणसे पुढे मोठमोठ्या जागी गेली. सरकारी वसतिगृहे हा त्याच परंपरेचा नवा अवतार. उलट घरभाडे भत्ता हा गृहस्थाचा. नोकरी करणारा, बिऱ्हाड असलेला, कुटुंब पोसणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून तो नियम लिहिला गेला. थोडक्यात, ब्रह्मचर्याश्रमाला वसतिगृह आणि गृहस्थाश्रमाला भत्ता, अशी वाटणी झाली. हे दोन्ही आश्रम एकाच दोन खोल्यांत, एकाच स्टोव्हवर चहा करू लागले की नियमाची पंचाईत होते.

ही पंचाईत मी घरातच अनुभवली आहे. १९९६ साली आमचे लग्न झाले तेव्हा मी हुबळीत शिक्षक होतो आणि पत्नी कर्नाटक विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला होती. धारवाडच्या माळमड्डीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. ती पायी-बसने विद्यापीठात जायची, मी सकाळची बस धरून वीस किलोमीटरवर हुबळी गाठायचा. माझ्या घरभाडे भत्त्याच्या कागदावर एका कार्यालयातून शेरा आला : पत्नी पूर्णवेळ विद्यार्थिनी आहे, तिला वसतिगृहाची सोय उपलब्ध असताना भाड्याच्या घराची गरज काय, याचा खुलासा करावा. खुलासा म्हणजे काय लिहायचे? नवराबायको एकत्र राहतात, याला कारण लागते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. मी लिहिले की भत्ता मला माझ्या नोकरीबद्दल मिळतो, पत्नीच्या शिक्षणाबद्दल नव्हे. तिच्या नावे कुठलेही सरकारी घर नाही, आणि वसतिगृहातली एक कॉट म्हणजे क्वार्टर नव्हे.

कागद सात महिने फिरला. त्या सात महिन्यांत महिनाअखेर कशी यायची ते आम्हालाच माहीत. एका रात्री ती म्हणाली, "अहो, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी परीक्षा देते." बोलणे अगदी साधे होते, पण 'पुढच्या वर्षी' म्हणून ठेवलेली बायकांची किती शिक्षणे आपल्या घरांच्या माळ्यावर पडून आहेत, ते आपण सर्व जाणतो. तिने परीक्षा त्याच वर्षी दिली. थकबाकी नंतर मिळाली. त्या दिवसापासून माझ्यापुरते एक पक्के झाले की हा भत्ता चैनीचा पैसा नव्हे. शिकणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर त्यातून उभे राहते.

पुढे मुख्याध्यापक झालो आणि पगारपत्रकावर सही करण्याची पाळी माझ्यावर आली. तेव्हा नियम नीट वाचावे लागले. वाचकांपैकी अनेकांना उपयोग होईल म्हणून चार गोष्टी सांगतो.

केंद्र सरकारच्या नियमात पती किंवा पत्नी कुठे आड येते ते स्पष्ट लिहिले आहे. जोडीदाराला त्याच गावी सरकारने, निमसरकारी संस्थेने वा सार्वजनिक उपक्रमाने घर दिले असेल तर दुसऱ्याला भत्ता नाही, मग तो त्या घरात राहो वा न राहो. जोडीदार शिकतो म्हणून भत्ता बंद, असे मात्र तिथे नाही. आपले जोडशहर केंद्राच्या वर्गवारीत 'वाय' गटात येते. या गटाचा दर सातव्या वेतन आयोगानंतर १६ टक्के होता, तो महागाई भत्त्याबरोबर वाढत जानेवारी २०२४ पासून मूळ पगाराच्या २० टक्के झाला. राज्याचे दर वेगळे असतात; आपापल्या खात्याचा आदेश पाहावा.

दुसरी गोष्ट आयकराची. भत्ता मिळणे वेगळे आणि त्यावर करसूट मिळणे वेगळे. जुन्या करपद्धतीत तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेवर सूट मिळते : मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा करून उरलेली रक्कम, आणि आपल्यासारख्या शहरात पगाराच्या ४० टक्के. पगार ५०,०००, भत्ता ७,५०० आणि भाडे ९,००० असेल तर सूट ४,००० वर. कारण ९,००० मधून ५,००० गेले. वर्षाचे भाडे एक लाखावर गेले की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. नव्या करपद्धतीत ही सूटच नाही. ज्यांना भत्ता मिळत नाही त्यांच्यासाठी १९६१ च्या कायद्यात ८०जीजी हे कलम होते, महिना ५,००० पर्यंतचे. त्यात जोडीदाराच्या नावे कामाच्या गावी स्वतःचे घर नसावे, अशी अट होती. म्हणजे बघा, कायदा जोडीदाराला घरमालक म्हणून ओळखतो, नोकरदार म्हणून ओळखतो. विद्यार्थी म्हणून त्याची ओळखच नाही.

तिसरी गोष्ट खास कर्नाटकातली. आपल्याकडे 'बाडिगे' आणि 'भोग्य' असे दोन प्रकार. भोग्यात मालकाला एकरकमी मोठी ठेव द्यायची, महिन्याचे भाडे द्यायचे नाही, आणि घर सोडताना ठेव परत घ्यायची. शिकणाऱ्या सुनेसाठी किंवा जावयासाठी सासरची मंडळी पैसे घालून असे घर घेऊन देतात. सोय उत्तम, पण भाडेच दिले नाही तर भाड्याची करसूट कुठून येणार? तिथे खोट्या पावत्या जोडण्याच्या फंदात पडू नये.

चौथी गोष्ट पावतीची. आमचे माळमड्डीचे मालक भले गृहस्थ होते. पावती मागितली की म्हणत, "रसीदि याक्री? नंबिकि इल्लेनु?" पावती कशाला, विश्वास नाही का? मराठी माणूस इथे ओशाळतो आणि गप्प बसतो. ओशाळू नये. विश्वास दोघांमध्ये असतो, पावती तिसऱ्यासाठी असते. अकरा महिन्यांचा करार करतात तो नोंदणी टाळण्यासाठी, कारण १९०८ च्या कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते. पण करार असावा, आणि तो मिळवत्याच्या नावाने असावा.

असो. नियम इतके सरळ असूनही एका ठिकाणी ते बोचतात. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या यजमानांनी कंपनीतली नोकरी सोडून पूर्णवेळ पीएच.डी.ला नाव घातले. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली. २०२३ पासून ती महिना ३७,००० आहे. या शिष्यवृत्तीत घरभाडेही असते, पण विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम असा की, वसतिगृह देऊ केले आणि विद्यार्थ्याने नाकारले, तर घरभाड्याचा हक्क जातो. वसतिगृहाची खोली एकट्यासाठी. बायको आणि चार वर्षांची मुलगी घेऊन तिथे राहणार कसे? त्यांनी खोली नाकारली, भत्ता गेला. नियमाने त्यांना पुन्हा ब्रह्मचारी ठरवले, आणि ते गृहस्थच राहिले, एवढाच त्यांचा अपराध.

बाई माझ्याकडे आल्या त्या संकोचाने. म्हणाल्या, "सर, माझा भत्ता चालू राहील ना? यजमान शिकतात असं फॉर्मात लिहू की नको?" मी म्हटले, "बाई, ठळक लिहा. लपवण्यासारखं त्यात काय आहे?" त्यांची खरी अडचण फॉर्ममध्ये नव्हती. नातेवाइकांत कोणीतरी बोलले होते की, हा बायकोच्या भाड्यावर शिकतो. आपल्या समाजाची ही गंमत आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, तो इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पोस्टातला नवरा बायकोला शिकवतो म्हणून त्याची कौतुके होतात. बायको मिळवते आणि नवरा शिकतो म्हटले की तीच जीभ वळते. भत्त्याच्या नियमाला मात्र स्त्री-पुरुष असा भेद नाही. निदान एवढ्या बाबतीत सरकारी कागद आपल्यापेक्षा पुढारलेला आहे.

याच प्रश्नाला दुसरीकडे काय उत्तर मिळाले ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला भाड्यासाठी सरकारी मदत मिळत असे. १९९० साली बहुतेक पूर्णवेळ विद्यार्थ्यांना त्यातून वगळले. पण जोडप्यातला एक विद्यार्थी आणि दुसरा नसेल, तर दुसऱ्याने दोघांच्या वतीने अर्ज करायचा, अशी वाट ठेवली. त्यात शिकणाऱ्याची शिष्यवृत्ती आणि कर्ज मिळकत म्हणून दाखवावे लागे. २०१३ पासून ही मदत हळूहळू एकत्रित अशा दुसऱ्या योजनेत गेली. आपल्याकडून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलांनी यावर भिस्त ठेवू नये. अशा सार्वजनिक मदतीचा लाभ घेता येणार नाही, ही त्यांच्या व्हिसाचीच अट असते. पण त्या नियमातली एक गोष्ट मला पटते. शिकणारा जोडीदार त्यांच्या फॉर्मवर आहे. त्याच्यासाठी एक रकाना आहे, त्याची मिळकत मोजली जाते, आणि म्हणून त्याची अडचणही मोजली जाते. आपल्याकडे तो रकानाच नाही. त्यामुळे एखादा कारकून शेरा मारतो, एखादी आत्या टोमणा मारते, आणि दोघांनाही उत्तर द्यायला छापील ओळ नसते.

वसतिगृह नाकारणाऱ्या विवाहित विद्यार्थ्याचा घरभाड्याचा हक्क जाऊ नये, एवढी दुरुस्ती विद्यापीठांनी आणि आयोगाने करायला हवी. ती होईपर्यंत माझे सांगणे साधे आहे. भत्ता मिळवत्याने आपल्या नावाने मागावा. शिकणाऱ्याची शिष्यवृत्ती, वसतिगृह, जे असेल ते लेखी सांगावे. करार आणि पावत्या जपाव्यात. शेरा आला तर रडू नये, भांडू नये. नियमाचा आधार देऊन उत्तर लिहावे आणि त्याची पोचपावती घ्यावी. आणि कानडी-मराठी दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांना विनंती की, दोघांतल्या एकाने पुस्तक उघडले असेल तर भाडे कोण भरतो, हे विचारू नये.

त्या बाईंच्या पगारपत्रकावर मी दर महिन्याला सही करतो. घरभाड्याच्या रकान्यातला तो आकडा फार मोठा नाही. पण त्या आकड्याच्या आधाराने धारवाडातल्या एका घरात मुलगी पाटीवर अक्षरे गिरवते आणि तिच्या शेजारी बसून तिचा बाप प्रबंध लिहितो.