मिरची पूड, दोरी, कटावणी

दरोड्याच्या तयारीतली टोळी पकडली गेली की पंचनाम्यात मिरची पूड असतेच. सोबत नायलॉनची दोरी, कटावणी, एखादा कोयता आणि बॅटरी. माणसं किमान पाच, कारण पाचाच्या आत दरोडा कायद्यात बसत नाही. वेळ मध्यरात्रीनंतरची. जागा गावाबाहेरचा पूल, नाहीतर रस्त्याकडेची वेडी बाभूळ. दोघं 'अंधाराचा फायदा घेऊन' पळून जातात आणि बाकीचे 'मिळून येतात'. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत फौजदारी वकिली करताना असे पंचनामे इतके वाचले आहेत की आता मधली दोन पानं मी न उलटताही सांगू शकते. आरोपींची आडनावं काळे, भोसले, पवार, चव्हाण, शिंदे अशी असतात. हीच आडनावं मराठ्यांचीही आहेत, त्यामुळे खरं काम पत्ता करतो : रा. पारधी वस्ती.

अशी प्रत्येक केस खोटी असते, असं मी म्हणत नाही. चोऱ्या होतात, आणि त्या करणाऱ्यांत पारधीही असतात, जसे इतर सगळे असतात. मी खऱ्या चोरांचीही वकिली केली आहे आणि त्याचा मला संकोच नाही. पण पालावर चूल पेटत असेल तर तिखटाची पुडी असणारच, आणि शेळ्या बांधायला दोरी लागणारच. तीच पुडी आणि तीच दोरी माझ्या गाडीत सापडली तर ती बाजारहाट ठरेल. पंचनाम्यावर सही करणारे पंचही अनेकदा ठरलेले असतात. एकाच पंचाची सही वेगवेगळ्या गुन्ह्यांत दाखवता आली की उलटतपासात निम्मं काम होतं. पण त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात आणायला केस चालावी लागते, आणि माझ्या अशिलांच्या केसेस बहुतेक वेळा चालतच नाहीत. त्या का चालत नाहीत, ते पुढे सांगते.

पारधी, रामोशी, बेरड, कैकाडी, कंजारभाट, वडार, भामटा अशा जमातींबद्दल आपल्या समाजात जो संशय आहे, त्याला लोक सहसा 'पूर्वापार' म्हणतात. तो तसा पूर्वापार नाही. रामोशी तर गावचा रखवालदार होता. संशयाला सरकारी शिक्का बसला 1871 साली, गुन्हेगार जमाती कायद्याने. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, पुढे 1911 आणि 1924 च्या कायद्यांनी सगळीकडे पसरला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. ही तरतूद मी नव्या ज्युनिअरांना मुद्दाम वाचायला लावते. बाकी सगळं, म्हणजे नावनोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला पास, त्यातून ओघानेच येतं. मुंबई इलाख्यात या लोकांसाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. सोलापूरची त्यांतली मोठी, आणि तिथल्या माणसांचे हात गिरण्यांना आयतेच मिळाले. सोलापुरात आजही काही पत्त्यांत 'सेटलमेंट' हा शब्द लिहितात आणि पोस्टमन बरोबर पोचतो.

देश स्वतंत्र झाल्यावर अनंतशयनम अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करायला सांगितलं आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. जमातीच्या जागी मग माणूस आला : मुंबई राज्याने 1959 साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर हा फरक मोठा आहे. त्या कायद्यातला सराईत व्हायला न्यायालयात दोषी ठरावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. पोलिसांच्या रिमांड अर्जातला सराईत व्हायला नुसते दाखल गुन्हे पुरतात. निकाल काय लागला, लागला की नाही, हे त्या यादीत लिहायची पद्धत नाही. एकाच अशिलाच्या यादीतले दोन गुन्हे निर्दोष सुटलेले आणि एक दुसऱ्याच कुणाच्या नावाचा, असंही मी न्यायालयाला दाखवलं आहे.

पूर्वग्रह म्हटला की आपल्याला शिव्या देणारा, हात उगारणारा माणूस आठवतो. तसे भेटतात. पण माझ्या अशिलांचं जास्त नुकसान शांत, सभ्य आणि नियमाने वागणाऱ्या माणसांकडून होतं. प्रत्येक जण आधीच्या टेबलावरून आलेला कागद खरा मानतो आणि त्यात आपली एक ओळ भरतो, बस्स.

गावात मोटार चोरीला जाते, विहिरीवरची. कुणावर संशय, असं हवालदार विचारतो. फिर्यादी म्हणतो, तसा कुणावर नाही, पण ओढ्याच्या पलीकडे पालं पडलीत. तेवढ्यावर रात्री पालावर गाडी येते. चोरीत काहीच निघालं नाही तर निदान चॅप्टर केस होते, म्हणजे प्रतिबंधात्मक कारवाई. 'आपले अस्तित्व लपवून संशयास्पदरीत्या मिळून आला' हे तिचं ठरलेलं वाक्य. ज्याला घरच नाही त्याने अस्तित्व कुठे दाखवावं, हा प्रश्न मी तहसीलदारांसमोर विचारला आहे. ते हसले, आणि बंधपत्र लिहून घेतलं. आता या माणसाचं नाव दप्तरात आलं. पुढच्या चोरीत ओढ्यापलीकडे जायची गरज नाही, दप्तर उघडलं की झालं. आणि पारधी आपसांत गुजरातीला जवळची अशी त्यांची बोली बोलतात, तर जबाबात 'आरोपी सांकेतिक भाषेत बोलत होते' असंही येतं.

अटकेनंतर जामीन. इथे माझा खरा संबंध सुरू होतो. सरकारी पक्षाचा आक्षेप ठरलेला : आरोपीला कायमस्वरूपी पत्ता नाही, पळून जाईल. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, आणि त्याची ऐपत दाखवायला सातबारा किंवा घरपट्टीची पावती. पारध्याच्या नात्यागोत्यात सातबारा कुणाकडे असणार? मग बायका गावात फिरतात. डाळिंबाची बाग ज्याच्या भरवशावर रात्रभर टाकून बागायतदार घरी झोपतो, तो राखणदार पारधीच असतो, कारण त्याच्या हाताला आणि कानाला तोड नाही हे सगळ्या शिवाराला माहीत आहे. तोच बागायतदार ऐन वेळी म्हणतो, 'माणूस चोख आहे हो, माझा भरवसा आहे, पण कोर्टकचेरीत सातबारा नको.' मला त्याचा रागही धड येत नाही. त्याने कुणाला नाव ठेवलेलं नसतं, त्याला फक्त लफडं नको असतं.

तर माणूस आतच राहतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 1 जुलै 2024 पासून एक चांगली तरतूद आली आहे : कच्च्या कैद्याला यापूर्वी कधीच शिक्षा झाली नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला बंधपत्रावर सोडावं. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सोडता येणार नाही. म्हणजे ज्याच्यावर सवयीने चार गुन्हे टाकले आहेत, तो ह्या दारातूनही बाहेर पडू शकत नाही. मसुदा करणाऱ्यांच्या मनात पारधी नक्कीच नसणार. पण नियम तसा कुणाचाच विचार न करता लिहिला की सगळ्यात खालच्याच्या डोक्यावर पडतो.

शेळीचोरीच्या एका केसमधला संवाद इथे देते, कारण असे संवाद न्यायालयाच्या व्हरांड्यात कायम होतात. आरोपी विशीतला, त्याची आई माझ्या टेबलापाशी उकिडवी बसलेली. खुर्ची देऊनही बसत नव्हती.

'वकीलबाई, कबूल केलं तर आज सुटल का?'

'सुटेल बहुतेक. आत काढलेले दिवस तीच शिक्षा धरतील.'

'आन् न्हाई केलं तर?'

'तर केस चालेल. साक्षीदार येतील, मी त्यांना प्रश्न विचारीन. वर्ष जाईल, दोन जातील.'

'मंग करू द्या की कबूल.'

'अहो, पण त्यानं चोरलीय का शेळी?'

'शेळी कशाला चोरतोय? त्यो तवा उसात व्हता, टोळीसंगं. पर बाई, त्याची बायकू पोटुशी हाय. मी एकली कुटं कुटं धावू?'

मी तिला समजावलं की एकदा शिक्षा लागली की ती पुसत नाही, पुढच्या वेळी जामीन अजून अवघड होईल. तिने सगळं ऐकून घेतलं. पुढच्या वेळेचं पुढच्या वेळी, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिच्या जागी मीही वेगळा हिशेब केला नसता. आत न्यायाधीशांनी नियमाप्रमाणे विचारलं : स्वखुशीने कबूल करता का? परिणाम माहीत आहेत का? पोरगा म्हणाला, 'व्हय सायेब.' टंकलेखकाने ते टिपून घेतलं. संध्याकाळी तो घरी गेला. खरा सराईत होण्याच्या वाटेवरची ती त्याची पहिली पायरी, आणि ती त्याने शेळी न चोरता गाठली. या केसेस चालत नाहीत त्या अशा. मग 'या जमातीत शिक्षेचं प्रमाणच जास्त' असं परिसंवादात कुणी सांगितलं की मी गप्प बसू शकत नाही.

हे फक्त शेळ्या-मोटारींपुरतं असतं तरी चाललं असतं, असं कधी कधी वाटून जातं. 2003 साली आपल्या राज्यात एका शेतवस्तीवर दरोडा पडला, त्यात खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशीच कायम केली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे 2012 मध्ये निष्पन्न झालं. अखेर त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. जिवंत वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता, ही गोष्ट पहिल्यापासून कागदपत्रांत होती. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. हे लोक गरीब, भटक्या जमातीतले, हे निकालातच आहे. सोळा वर्षांनी का होईना, ते कुणीतरी लिहिलं.

आणि ज्यांच्यापर्यंत न्यायालय पोचलंच नाही ते? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारे आलेत, असा मेसेज मोबाइलवर फिरत होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं होतं आणि तिथेच मारलं. अफवा नवी होती, पण अनोळखी भटका म्हणजे पोरं पळवणारा हे तिच्या आधीपासून डोक्यात होतं. जेवत नसलेल्या पोराला 'झोळीवाल्याला देईन' असं सांगणाऱ्या घरांत आपण सगळे वाढलो आहोत.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर एक महत्त्वाचा निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवरून कामं वाटणारे नियम होते : झाडू कुणी मारायचा, स्वयंपाक कुणी करायचा. काही नियमावल्यांत भटक्या-विमुक्तांना जन्मानेच सराईत धरलं होतं. न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही आधीच्या निकालांची आठवण करून दिली. त्या निकालाची प्रत मी आता जामीन अर्जाला जोडते. काही न्यायाधीश ती नीट वाचतात. तुरुंगातला रकाना काढता येईल. पण 'पारधी वस्ती' हा पत्ता कुठल्या आदेशाने काढणार, आणि का काढावा? तिथे माणसं राहतात.

सध्या माझं भांडण एका छोट्या अटीशी आहे. जामीन देताना न्यायालय सहज लिहितं : दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावावी. आम्ही वकीलसुद्धा जामीन मिळावा म्हणून ही अट आपणहून पुढे करतो, 'हवं तर हजेरी ठेवा, साहेब' म्हणून. इतर आरोपींना तिचा फारसा त्रास नाही. पारध्याच्या पोराला आहे. एक तर मजुरी बुडते. दुसरं, त्या आठवड्यात तालुक्यात कुठे घरफोडी झाली असेल तर शोधायला कुणाला बाहेर जावं लागत नाही, संशयित स्वतःच्या पायाने सही करायला आलेला असतो. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना हजेरी या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही, त्यांच्या आई-बापांनी ती पाटलासमोर दिलेली आहे. म्हणून मी अर्जात लिहिते की खटल्याच्या प्रत्येक तारखेला न्यायालयात हजर राहण्याची अट पुरेशी आहे, ठाण्याची नको. सरकारी वकील म्हणतात, आठवड्यातून एक सही, त्यात काय एवढं? मी सांगते. अर्धा अर्ज मंजूर होतो : दर सोमवारऐवजी महिन्याचा पहिला सोमवार.