गरी, गोलेत आणि गाव



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मॉरिशसहून येऊन महिना होऊन गेला तरी भेटेल तो एकच विचारतो, "काय काय पाहिलंत?" मग मी शाळेत उत्तर द्यावं तसं सांगतो. शामारेलची सात रंगांची माती पाहिली, क्यूरपीपचं ज्वालामुखीचं विवर पाहिलं, गंगातलाव पाहिला. हे सगळं खरंच पाहिलं. पण आठ दिवसांतले पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर उभा राहून मासे गरवत होतो, हे सांगितलं की लोक हसतात. आमच्या सौ. तर तिथेच म्हणाल्या, "एवढे पैसे खर्चून सहा तास विमानात बसलो, ते तुम्ही आपल्या खाडीवर करता तेच इथं करायला का?"

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. जाळ्यानं मासे धरणं वेगळं, पागणं वेगळं आणि गरवणं वेगळं. गरवायला लागते एक दोरी, एक गरी, थोडं शिसं, आमिष आणि न संपणारा वेळ. राजापूरच्या खाडीकाठी माझं बालपण गेलं. काकांनी मला आधी गरवायला शिकवलं, पाढे नंतर. किंबहुना पाऊणकीचा पाढा मी गरवण्यापायीच पाठ केला. आमच्याकडे भरतीचं गणित तिथीवर असतं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. घड्याळाशी थोडं मागंपुढं होतं, पण गरवणाऱ्याला तेवढं पुरतं. पुढे मी शाळेत भूगोल शिकवला तेव्हा हे गणित दर वर्षी फळ्यावर मांडत असे. चंद्र रोज पाऊण तासापेक्षा थोडा जास्तच उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग उशिरा येते, हे मुलांना त्यातून पटकन समजे.

मॉरिशसला हे गणित मी पहिल्याच दिवशी बासनात गुंडाळलं. कारण तिथं भरती म्हणावी अशी चढतच नाही. आमच्याकडे उधाणाला दोन-अडीच मीटर पाणी चढतं, तिथं अर्ध्या मीटरच्या आसपास. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, जवळजवळ दीडशे किलोमीटर लांबीची. बाहेर समुद्र त्या भिंतीवर फुटत असतो, दुरून पांढरी रेघ दिसते आणि गाज ऐकू येते. भिंतीच्या आत मात्र पाणी तळ्यासारखं शांत, कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढं, आणि इतकं स्वच्छ की आपली गरी तळाला पडलेली दिसते. आमच्या गढूळ खाडीत वाढलेल्या माणसाला हे फार अवघड वाटतं. मासा आपल्याला दिसतो तसे आपणही त्याला दिसतो ना!

आम्ही उतरलो होतो नैऋत्येला, ला गॉलेत नावाच्या गावात. समोर ल मॉर्नचा डोंगर, साडेपाचशे मीटर उंच, सरळ समुद्रातून उठलेला. गुलामगिरीच्या काळात पळालेले गुलाम या डोंगरावर लपून राहत. २००८ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशात घेतलं. किनाऱ्याला आपल्यासारखीच कांदळवनं आहेत. ती पाहिल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी दुकानातून आणलेली दोरी-गरी घेऊन नातवासह तिथं पोचलो.

तिथंच ते गृहस्थ भेटले. वय माझ्याएवढंच, चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर. पायात जुने बूट, हातात बांबूची लांब काठी. गावात सगळे त्यांना 'तोंतों' म्हणत. तिथल्या क्रिओल भाषेत तोंतों म्हणजे काका. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मी अनवाणी होतो. त्यांनी हातानं खूण करून मला बाहेर काढलं आणि तळाशी असलेल्या दगडांकडे बोट दाखवून म्हणाले, "लाफ!" लाफ म्हणजे दगडासारखा दिसणारा मासा. पाठीवर तेरा विषारी काटे. पाय पडला तर माणूस वेदनेनं गडबडा लोळतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा, एवढाच उपाय. त्यानंतर आम्ही आजोबा-नातू दोघंही बूट घातल्याशिवाय पाण्यात उतरलो नाही.

माझं सौ.शी चाललेलं बोलणं ऐकून तोंतों एकदम थबकले. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुमी मराठी? आमी पण मराठी."

मंडळी, मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हे मी वाचून जाणून होतो. १८३४ पासून पुढच्या काळात जवळजवळ साडेचार लाख हिंदुस्थानी मजूर करारावर उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यातले काही मुंबई बंदरातून गेले, रत्नागिरी-साताऱ्याकडचे. तिथं आजही गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांमध्ये मराठी शिकता येतं. पण वाचणं वेगळं आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसानं "आमी पण मराठी" म्हणणं वेगळं. तोंतोंना आरत्या पाठ होत्या, बोलण्यापुरती मराठी थोडी, उरलेलं हिंदी आणि हातवारे. मी मास्तर होतो हे कळल्यापासून ते मला "गुरुजी" म्हणू लागले.

त्यांच्या काठीला 'गोलेत' म्हणतात, म्हणजे गावाचं नाव आणि काठीचं नाव सारखंच. गरीला ते कोळंबी लावत, पण एका माशासाठी चक्क समुद्रातलं हिरवं शेवाळ. तो मासा म्हणजे कॉर्दोनिये, मराठीत मोची. शेवाळ खाणारा, तोंड सशासारखं, काटे विषारी. तो गरीवरून सोडवताना तोंतों ओलं फडकं वापरत आणि नातवाला जवळ येऊ देत नसत. गोबऱ्याच्या जातीच्या माशाला तिथं 'व्हिएय' म्हणतात, म्हणजे म्हातारी. हे कळल्यावर रोज संध्याकाळी सौ. विचारू लागल्या, "आज म्हातारी मिळाली का?" मी म्हणे, "एक आहे ती पुरे." (हे वाचून त्या पुन्हा रागावणार आहेत.)

लहान मासा आला की तोंतों तो सोडून देत. माझ्या नातवाला ते पटेना. त्याला पहिल्यांदाच मासा लागला होता, वीतभरसुद्धा नसेल, आणि तोच सोडायचा! तोंतोंनी त्याला सांगितलं ते मी मराठीत करून सांगतो. पूर्वी या लगूनमध्ये ऑक्टोपस भरपूर असत. लोकांनी लहान-मोठा न बघता धरले आणि ते कमी झाले. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर २०१२ साली दोन महिने ऑक्टोपस धरायची बंदी केली. बंदी उठल्यावर ते संख्येनं आणि वजनानंही जास्त मिळाले. मग २०१६ पासून मॉरिशसनंही ऑगस्ट ते ऑक्टोबर अशी बंदी सुरू केली. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात घालत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. नातवानं मासा सोडला. सोडल्यावर बराच वेळ पाण्यात बघत राहिला.

आता मूळ विषयाकडे येतो. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून जपून लिहितो. पण लिहितो.

गावचं आमचं घर चिऱ्याचं, आजोबांनी बांधलेलं. मागे कलमांची बाग आणि पुढून खाडीवर उतरणारी पाखाडी. मी सेवानिवृत्त होऊन रत्नागिरीत राहतो, चिरंजीव पुण्यात, धाकटे बंधू मुंबईत. गेल्या वर्षी मुंबईच्या एका गृहस्थांनी सगळी जागा मागितली. रक्कम अशी की आम्ही दोघा भावांनी आयुष्यभरात तेवढे पैसे एकत्र पाहिले नाहीत. चिरंजीवांचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, वर्षातून चार दिवस जातो आपण. कौलं दर पावसाळ्यात तुमच्या पेन्शनवर शाकारायची. तुमच्यामागे मला जमणार नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. सहलीच्या आधी दोन महिने आम्ही या विषयावर बोलणंच टाळत होतो. सहल त्यानंच ठरवली आणि तिकडे निवांत बोलू, असंही तोच म्हणाला होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तोही आमच्याबरोबर किनाऱ्यावर आला. त्याला गरवण्याचा नाद कधी लागला नाही. लहानपणी क्रिकेट, पुढे संगणक. पण हातात दोरी धरून बाजूला बसला. गरवण्यात एक सोय आहे. दोघांनीही पाण्याकडे बघायचं असतं, एकमेकांकडे नाही. त्यामुळे जे जेवणाच्या टेबलावर बोलता येत नाही ते तिथं बोलता येतं. आम्ही बोललो. आवाज न चढवता, तासभर. निकाल काही लागला नाही.

तेव्हा तोंतोंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढला. मोका इथं महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या मजुरांची दप्तरं ठेवलेली आहेत. तिथून मिळवलेली त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची ती नक्कल होती. क्रमांक, जहाज, वय, उंची. फोटो नव्हता, कारण मजुरांचे फोटो काढायला १८६० च्या दशकात सुरुवात झाली आणि हे त्याआधीचे. जिल्हा रत्नागिरी. गाव मात्र कुणा कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. वाचलं तर वेरवलीही होतं, वेरळही होतं, आणखी दोन-तीन गावंही त्यात बसत होती. तोंतोंनी मला विचारलं, "गुरुजी, हे कुठलं गाव? तिथं नदी हाय की दर्या?"

मी तो कागद तीनदा वाचला. खात्रीनं एक नाव सांगणं शक्य नव्हतं आणि खोटं सांगवेना. म्हटलं, गावी जाऊन चौकशी करतो. ते म्हणाले, "माझ्या बापानं पण विचारलं, त्याच्या बापानं पण. कोणाला म्हाईत नाय." आणि कागद नीट घडी करून परत ठेवला. एवढंच. ते रडले नाहीत, की आम्हाला उपदेशही केला नाही. गरीला शेवाळ लावून पुन्हा उभे राहिले.

मुक्कामी परतताना चिरंजीव बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपला सातबारा कुणाकडे असतो?" मी म्हटलं, "माझ्याकडे. कपाटात, पिवळ्या फाईलीत." तो म्हणाला, "मी तो कधी वाचलाच नाही."

उगाच गैरसमज नको. त्या एका कागदानं त्याचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. तो हिशेबी आहे आणि ते योग्यच आहे. पुण्याला परतल्यावर त्यानं हिशेब मांडून पाठवला, आणि बंधूंशी बोलून आम्ही असं ठरवलं आहे. मागची बाग विकायची. त्यातून बंधूंचा वाटा पूर्ण द्यायचा आणि उरलेल्या पैशातून घराचं छप्पर नीट करायचं. घर आणि खाडीची पाखाडी ठेवायची, पाच वर्षं. या पाच वर्षांत पुढच्या पिढीतलं कुणी येत-जात राहिलं तर ठीक, नाहीतर चिरंजीव ठरवेल ते मला मान्य. बागेतली कलमं काकांच्या हातची आहेत. ती जाणार याचं वाईट वाटतं, पण सगळंच राखायचं म्हटलं तर काहीच राहत नाही, हेही या वयात कळतं. कुणा नातेवाइकांना यावर काही म्हणायचं असेल तर इथं लिहिण्याऐवजी फोन करावा. मी संध्याकाळी घरीच असतो.

आणि एक विनंती. लांजा, खेड, गुहागर, संगमेश्वर भागातल्या वाचकांपैकी कुणाच्या घराण्यात 'आमचे एक पूर्वज मिरीचदेशी गेले ते परत आलेच नाहीत' अशी गोष्ट सांगत असतील, तर मला जरूर कळवा. जुन्या लोकांना विचारा, ती असतील तोवरच. तोंतोंचा पत्ता माझ्याकडे आहे. त्यांना सध्या एवढंच कळवलं आहे की रत्नागिरी जिल्ह्यात नदीही आहे आणि दर्याही, आणि शोध चालू आहे.

दिवाळीच्या सुट्टीत नातू दहा दिवस गावी येणार आहे. त्याला पाऊणकीचा पाढा पाठ करायला सांगितलं आहे.