नव्या टायरचा गोटा

आमच्या घरात टायर हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. १९९८ च्या श्रावणात भाऊजी आर्णीहून स्कूटरवर परत येत होते. कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकलेली, वरून पाऊस, आणि स्कूटरच्या मागच्या टायरचा पार गोटा झालेला. भाऊजी वाचले, पण डावा पाय आजही ओढत चालतात. तेव्हापासून ताई (माझी मोठी बहीण) कुठलीही गाडी दारात आली की आधी वाकून टायर बघते, मग पाहुण्याला पाणी देते. नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांनी आठवून बघावं!

तर अशा घरात तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, फेब्रुवारीच्या शेवटी आपल्या आरसी ३९० ला नागपूरहून नवी जोडी बसवून आणली. ट्रॅकवरची. म्हणजे रस्त्यावर चालवायला परवानगी असलेली, पण जन्म शर्यतीच्या घराण्यातला. मधे चार-दोन खोबणी, कडेला नुसतं गुळगुळीत काळं रबर. ताई वाकली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "काऊन रे, हे तं नवंच गोटा हाय!"

"आई, रेसवाले हेच लावतात."

"मंग रेसवाले रोज धामणगावले जातात का?"

भाचा रोज यवतमाळ ते धामणगाव नोकरीला जातो. मधे करळगावचा घाट. संध्याकाळी ताईचा मला फोन, "तू इंजिनियर आहेस ना, सांग त्याले." (मी आयुष्यभर पाटबंधाऱ्याचे कालवे मोजले. पण आमच्याकडे इंजिनियर म्हणजे मिक्सरपासून उपग्रहापर्यंत सगळ्याचा इंजिनियर.)

मग बसलो वाचायला. दोन-तीन रात्री गेल्या, आणि खरं सांगतो, मजा आली.

पहिली गोष्ट म्हणजे ताईचा मुद्दा जसाच्या तसा बरोबर नाही. नक्षीमुळे पकड येते असं आपण सगळेच समजतो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर उलटं असतं. जितकं रबर रस्त्याला टेकेल तितकं चांगलं, म्हणून शर्यतीच्या कोरड्या टायरला एकही खोबण नसते. खोबणी असते ती पाण्याला वाट द्यायला. झिजून गोटा झालेलं टायर आणि मुळातच गुळगुळीत घडवलेलं टायर दिसायला सारखं, पण एकाचं रबर जुनं, कडक, संपत आलेलं, दुसऱ्याचं ताजं, मऊ आणि चिकट. ते डांबराच्या बारीक खडबडीत शिरतं, त्याला बिलगतं.

दुसरी गोष्ट मात्र भाच्याला अडचणीची होती. हे रबर बिलगतं ते तापल्यावर. शर्यतीत गाडी निघायच्या आधी टायरला विजेची गोधडी गुंडाळतात आणि ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत शेकतात. मग ट्रॅकवर जोरात ब्रेक, जोरात वळण, परत ब्रेक. त्या दाबानं टायर सतत पिळवटतं आणि आतून गरम राहतं. आपल्या रस्त्यावर कोण पिळवटणार? सरळ रस्ता, साठचा वेग, पुढे ऊसाची ट्रॉली नाहीतर म्हशी. एकदा सकाळी सात वाजता धामणगावला पोहोचल्या पोहोचल्या मी त्याला टायरला हात लावून फोनवर सांगायला लावलं. "कोमट हाय मामा." म्हणजे त्यानं पैसे दिले तापलेल्या टायरचे आणि चालवत होता थंड टायर! थंडपणी हे रबर साध्या टायरपेक्षाही बेभरवशाचं असू शकतं, आणि घाटातलं पहिलं वळण काही टायर तापायची वाट बघत नाही.

टिकाऊपणाचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली. तिथे उकाडा इतका की मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली. तेवढ्या फेऱ्या म्हणजे साधारण शंभर किलोमीटर. त्या शंभर किलोमीटरला एक जोडी! यवतमाळहून निघालात तर वर्धा ओलांडून नागपूरच्या आतच टायरचं काम संपलं. रस्त्याला चालणारं ट्रॅक-टायर इतकं नाजूक नसतं, पण नातं तेच. चारचाकीच्या टायरवर अमेरिकेतल्या पद्धतीचा झिजेचा आकडा छापलेला असतो. कुटुंबाच्या गाडीच्या टायरवर तीनशे-चारशे सहज सापडेल. टोयोच्या आर-८८८-आर या ट्रॅक-टायरवर तो १०० आहे, मिशेलिनच्या कप-२ वर १८०. आकडा कंपनीनं स्वतःच ठरवायचा असतो, त्यामुळे शपथेवर घेऊ नये, पण कल्पना येते. दुचाकीच्या टायरला हा आकडा नसतो, तिथे अनुभव हाच आकडा. त्यात जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं परदेशी टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून असला माल मिळवणं हीच एक खटपट झाली. भाऊजींनी जोडीची किंमत ऐकली आणि काही न बोलता अंगणात जाऊन बसले.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं (हा मुलगा ऐकून घेतो, हीच पंचाईत आहे) आणि म्हणाला, "मामा, एकदा तुम्ही चालवून पाहा. मग बोला."

मे महिन्यात गेलो. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, दुपारचे चार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. करळगावच्या घाटात सागाची पानं गळून गेलेली, डांबर नुसतं पोळत होतं. मी पूर्वी राजदूत चालवलेला माणूस. पहिल्या दोन वळणांना घाबरत गेलो. तिसऱ्याला गाडी आपणहून झुकली. या टायरचा आकार मधे टोकदार असतो, त्यामुळे ती झुकायला वेळच लावत नाही. आणि झुकल्यावर अशी रोवून उभी राहिली, की रस्त्यानं खालून हात धरलाय असं वाटावं. घाट संपला तेव्हा मी हसत होतो. भाचा मागून स्कूटीवर आला, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. शहाणा आहे.

म्हणून ज्यांनी असं टायर कधी चालवलंच नाही त्यांनी "ही पोरांची थेरं" म्हणू नये. पोरांना काहीतरी खरंच मिळतं. प्रश्न इतकाच की आपल्या जिल्ह्यात ते वर्षातून किती दिवस मिळतं?

कारण ट्रॅक झाडलेला असतो, आपला रस्ता नसतो. वणीकडे गेलात तर कोळशाच्या ट्रकांनी सांडलेली भुकटी. गावोगाव कडेला मुरूम आणि गिट्टी, जी मऊ टायर उचलून घेतं आणि टकटक करत मडगार्डवर मारतं. बाभळीचा काटा या रबरात लोण्यात सुई जावी तसा जातो. मार्च ते मे भाच्याचे तीन पंक्चर झाले, आणि आमचा पंक्चरवाला तिसऱ्या वेळी म्हणाला, "भौ, दुसरं कोणतंबी लाव, हे नको आणू." पांढरकवड्याकडचा हायवे तर सरळच सरळ, तिथे वळण नाही म्हणून टायरचा मधलाच पट्टा झिजतो. पाच-साडेपाच हजार किलोमीटरला मागचं टायर मधे चपटं होऊन बसलं. कडा नव्याकोऱ्या! ज्या कडांसाठी पैसे मोजले त्या तशाच, आणि मधली खोबण, जी पाण्यासाठी होती, तीच पुसट. ट्रॅकवर याच्या नेमकं उलट होतं.

मग मृग लागला.

पहिला पाऊस सगळ्यात वाईट. आठ महिन्यांचं सांडलेलं ऑइल, डिझेल, रबराची भुकटी, सगळं वर येतं आणि वाहून जायला अजून पुरेसं पाणी नसतं. त्या दिवशी मी धामणगावहून कारनं परतत होतो, भाचा पुढे. पेरणीची गडबड, शेतातून ट्रॅक्टर वर चढलेला, डांबरावर काळ्या मातीचे दोन पट्टे. भाच्याला ते दिसले, त्यानं वेग आधीच कमी केला होता, ब्रेकला हातही लावला नव्हता. तरी मागचं चाक सरकलं. हातभर उजवीकडे, मग तितकंच डावीकडे. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली. गाडी सावरली. तो कडेला थांबला, हेल्मेट काढलं आणि बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत उभा राहिला.

मी जवळ गेलो. समजावून सांगायची संधी होती, पण त्याचा डावा पाय थरथरत होता आणि मला भलतंच काही आठवलं. "चहा घेऊ," म्हणालो.

टपरीवर तोच म्हणाला, "मामा, आईले सांगू नका."

सांगितलं नाही. (ताई, तू हे वाचत असशील तर आता कळलंच.) पुढच्या रविवारी तो स्वतः नागपूरला जाऊन प्रवासाची टायर लावून आला. खोल, तिरप्या खोबणींची, जरा कडक रबराची. ताईनं वाकून बोट फिरवलं, नख खोबणीत घालून बघितलं, आणि पहिल्यांदा त्या गाडीला हळदकुंकू लावलं. भाचा म्हणतो गाडी आता बैलगाडीसारखी झुकते. थोडं खरं आहे, मीही परत चालवून पाहिली.

मागचं ट्रॅक-टायर गेलं भंगारात. पुढचं अजून बरं आहे, ते गोणपाटात गुंडाळून माळ्यावर अंधारात ठेवलंय, उन्हात रबर कडक होतं म्हणून. त्याच्या जोडीला मागचं एक घ्यायचं आणि हिवाळ्यात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दोन दिवस जायचं असं त्याच्या डोक्यात आहे. तो ट्रॅक १९९० पासून आहे, मुलं गाड्या रेल्वेनं पार्सल करून नेतात म्हणे. भाऊजींनी अर्धे पैसे देतो असं परवा जेवताना सांगितलं. ताट पुढे सरकवत, कुणाकडेही न बघता. ताई अजून काही बोललेली नाही.

तिकडे कोणी जाऊन आलं असेल, तर राहायची स्वस्त सोय कुठे होते ते कळवा. मामालाही सोबत जायचंय.