वन्संचं खोकं

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर हात रिकामे नव्हते. हातात सोल्डरिंग आयर्न होतं! हसू नका. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईने बॅटरीवर चालणारा स्पीकर घरी बनवला. भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं, साधा फ्यूज बदलायला तू शेजाऱ्यांना हाक मारायचीस ना?" मारायचे. पण या वेळी गोष्ट वन्संची होती.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय ८३. मिरजेत आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात अभंग त्यांनी उचलायचा आणि बाकीच्यांनी मागून धरायचा, अशी तीस वर्षांची रीत. तीन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचं निदान झालं. हात थरथरतो, ते सगळ्यांना दिसतं. पण या आजारात आवाजही बारीक होत जातो, हे मला घरात पाहूनच कळलं. आणि गोम अशी, की माणसाला स्वतःला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. "तुम्हा सगळ्यांनाच हल्ली कमी ऐकू येतंय," असं वन्सं म्हणायच्या.

मंडळात मग व्हायचं काय, की वन्सं सुरुवात करायच्या आणि बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या. एका गुरुवारी दुसरीनेच अभंग उचलला. तिचा काही दोष नाही. टाळ हातात धरून किती वेळ थांबणार? पुढच्या गुरुवारी वन्सं म्हणाल्या, "आज गुडघा दुखतोय गं." गुडघा दुखत नव्हता, हे मला ठाऊक होतं.

मोठ्याने बोलायचे व्यायाम तज्ज्ञांनी दिले होते, ते चालूच आहेत. जोडीला म्हणून बाजारातून एक माइकवाला स्पीकर आणला. वर्षभरात तो चार्जिंग घेईना. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. मी उलटापालटा करून पाहिला, तर कुठे स्क्रूच नाही! सगळं डिंकाने चिकटवलेलं. ज्याचं पोट उघडता येत नाही त्याचं दुखणं तरी कसं कळायचं?

गल्लीच्या टोकाला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार माझाच विद्यार्थी. म्हणाला, "बाई, मी करून देतो." म्हटलं, "करून नको. शिकव. उद्या बिघडलं तर मलाच उघडावं लागणार."

मग महिनाभर दुपारी त्याच्या दुकानात माझी शाळा. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं, साधारण ६० ला ४०. लहानपणी दारात येणारा कल्हईवाला आठवला. त्याचं कथील आणि नवसागर, इथे कथील-शिसं आणि राळ. भांडं तापलेलं नसेल तर कल्हई बसत नाही, तसंच तारही आधी तापवावी लागते. "बाई, सोल्डर तारेवर वितळू द्या, आयर्नवर नाही," हे वाक्य त्याने किती वेळा सांगितलं असेल! शिकवताना पोरगा जराही चिडला नाही. मी त्याच्यावर किती चिडायचे, ते आठवून ओशाळायला झालं. असो. शिसं असतं म्हणून काम झालं की हात साबणाने धुवायचे, हे मात्र तुम्हीही लक्षात ठेवा.

आता खोक्याकडे येते. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली. म्हणजे १२ गुणिले ७, ८४ वॅट-अवर. ही बॅटरी पार रिकामी केलेली तिला सोसत नाही, म्हणून निम्मीच वापरायची. भजनाच्या दोन-तीन तासांना तेवढी रग्गड होते. बॅटरीच्या अधिक टोकाला लगेच एक फ्यूज, कारण तारेला तार लागली तर ती आग लावायला कमी करत नाही. मग माइकचा नाजूक आवाज थोडा वाढवणारी एक चिमुकली पट्टी आणि पुढे अॅम्प्लिफायरची पट्टी. तिच्या जाहिरातीत १०० वॅट लिहिलं होतं. विद्यार्थ्याने कागदावर गणित करून दाखवलं, की १२ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे फार तर १८ वॅट मिळतील. वन्संच्या आवाजाला तेही जास्तच.

स्पीकर मोटारीतून काढलेला जुना, सहा इंची. तो नुसता वाजवला तर आवाज अगदी पोकळ आला. पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मधे भिंत नसली तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. खोकं म्हणजे ती भिंत. राइस आणि केलॉग या अमेरिकन जोडीने असा स्पीकर कसा करायचा ते १९२५ मध्ये मांडलं. शंभर वर्षं होऊन गेली, तत्त्व तेच.

मिरजेच्या माणसाला याचं नवल वाटतं. आमच्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे भोपळ्याने तारेबरोबर बोलायचं असतं. इथे उलट. खोक्याने गप्प बसायचं! म्हणून १२ मिलिमीटरचा जाड प्लाय, आत आडवी पट्टी आणि जुन्या गादीतला पिंजलेला कापूस. बॅटरीला वेगळा कप्पा, त्याला हवेची भोकं. सगळा खर्च दोन हजारांच्या आत.

पहिल्या दिवशी खोक्याने कर्कश शिट्टी मारली. माइकला स्पीकरचा आवाज ऐकू गेला की तो पुन्हा वाढतो, पुन्हा ऐकू जातो, असं ते चक्र. खोकं वन्संच्या पुढे ठेवून तोंड बायकांकडे केलं आणि माइक ओठांशी आणला. शिट्टी बंद.

मग त्या गुरुवारी वन्संनी अभंग उचलला. आवाज पूर्वीचा नव्हता, थरथरत होता. पण पहिला शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचला आणि टाळ बरोबर जागेवर पडले. घरी येताना म्हणाल्या, "आज सगळ्यांना ऐकू आलं वाटतं." म्हटलं, "हो वन्सं, कान सुधारले सगळ्यांचे." कार्तिकात काकड आरतीलाही खोकं नेलं. पहाटे देवळाच्या ओट्यावर ना प्लग लागला, ना वायर.

खोक्याने आजार थांबत नाही, हे मला कळतं. शब्दच अडखळायला लागतील तेव्हा माइक काय करणार? तो दिवस येईल तेव्हा येईल. तोवर गुरुवार वन्संचा.

बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल. जुनी कचऱ्यात न टाकता दुकानदाराकडे परत द्यायची. मागच्या फळीला चार स्क्रू आहेत. आतल्या बाजूला मी फळ्यावर लिहायचे तशा अक्षरात लिहून ठेवलंय : लाल तार अधिक, काळी तार वजा, फ्यूज ३ अँपिअर, आकडा १२ च्या खाली गेला की चार्जिंग. खाली बॅटरी घातल्याची तारीख. पुढे दोन ओळी कोऱ्या ठेवल्यात. त्या कुणी भराव्यात ते नातवाला सांगून ठेवलं आहे.